आकड्यावर किती भिस्त ठेवायची? मेटल डिटेक्टरच्या स्क्रीनवरून जमिनीतलं नाणं ओळखताना

मेटल डिटेक्टर हातात आला की बहुतेक जण आधी इंटरनेटवरून एक तक्ता उतरवून घेतात. अमुक आकडा म्हणजे क्वार्टर, तमुक म्हणजे सेंट. ठाण्यात तो तक्ता कुचकामी. अमेरिकी क्वार्टरच्या पोटात तांबं असतं, म्हणून तो स्क्रीनवर वरच्या घरात बोलतो. आपला रुपया १९९२ पासून स्टेनलेस स्टीलचा आहे आणि त्याला चुंबक चिकटतं. मशीनच्या लेखी तो खिळ्याचा चुलतभाऊ. 'कॉइन मोड' लावून, लोखंड बंद करून (म्हणजे लोखंडावर मशीन गप्प राहील असं करून) फिरणाऱ्याच्या पायाखालून असे रुपये बिनबोभाट निघून जातात. त्यामुळे इथल्या नाण्यांचा तक्ता आपला आपणच करावा लागतो, आणि तोही आपल्याच मशीनवर.

मशीन नेण्याआधी जागेचं बघा

हे कंटाळवाणं आहे, पण चुकलं तर फार महाग पडतं. निखात निधी कायदा १८७८ चा असला तरी आजही लागू आहे. जमिनीत लपलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं, तर काय, किती, कुठे आणि कधी सापडलं ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं, आणि ती वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तिच्यासाठी जामीन द्यावा लागतो. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ऐरोली ते बेलापूर हा पट्टा ठाणे जिल्ह्यात येतो, खारघर, कामोठे, पनवेल रायगडात. कळवायचं पत्र कुणाकडे जायचं ते यावर ठरतं.

अंबरनाथच्या शिवमंदिरासारख्या केंद्र संरक्षित वास्तूभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं. तिथे मशीन पिशवीतूनही बाहेर काढू नये. किल्ले, येऊरचं जंगल, खाडीची कांदळवनं, फ्लेमिंगो अभयारण्याचा काठ, हे सगळं वर्ज्य समजा. उरतं काय? स्वतःचं अंगण, स्वतःचं शेत, किंवा मालकाने लेखी परवानगी दिलेली जागा. गावठाणातलं पाडायला काढलेलं जुनं घर, शहापूर-मुरबाडकडची शेती, अंगठी हरवलेली सोसायटीची बाग: एवढ्यात भरपूर काम आहे.

आकडा नेमकं काय सांगतो

कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, जमिनीत बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते. त्यात धातू आला की त्याच्या अंगात छोटे भोवरे-प्रवाह फिरू लागतात आणि त्यांचा प्रतिसाद कॉइलकडे थोडा उशिरा पोहोचतो. मशीन हा उशीर मोजतं आणि त्याचा आकडा करून दाखवतं, बऱ्याच मशीनवर ० ते ९९. धातू जितका चांगला वाहक आणि वस्तू जितकी जाड व रुंद, तितका आकडा वर. म्हणजे आकड्यात धातू, जाडी आणि आकार तिन्ही एकत्र कालवलेले असतात. चांदीची चिमुकली दोन आणी आणि पितळेचं जाड बटण शेजारी शेजारी येऊ शकतात. यात मशीनचा काही दोष नाही, ते मोजतंच एवढं.

चुंबकाला चिकटणाऱ्या धातूचं गणित वेगळं. लोखंड क्षेत्राला स्वतःकडे ओढतं आणि वर भोवरे-प्रवाहही तयार करतं. या दोन प्रतिसादांच्या ओढाताणीत आकडा कधी तळाला बसतो, कधी एकदम टोकाला उडतो. स्टीलचं नाणं सपाट पडलं असेल तर त्याचे भोवरे-प्रवाह जोरात, उभं रुतलं असेल तर लोखंडपणा जोरात. एकच रुपया, पण आडवा असताना एक बोलेल आणि उभा असताना दुसरंच.

पहिली पायरी: चुंबक आणि डबा

देवघरातली वाटी, आजीचा डबा, गल्ल्यातली चिल्लर, सगळी नाणी एका ताटात काढा आणि एक साधं चुंबक घ्या.

चिकटणाऱ्यांत पहिली फौज स्टीलची: १९८८ पासूनचे १०, २५ आणि ५० पैसे, १९९२ पासूनचा रुपया (आधी २५ मिलिमीटर, २०११ पासून २२), पुढे आलेले स्टीलचे दोन रुपये. दुसरी फौज बहुतेकांना ठाऊकच नसते, ती शुद्ध निकेलची. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया आणि १९६२ ते १९७४ मधले रुपये निकेलचे आहेत. निकेलही चुंबकाला चिकटतं. म्हणजे लोखंड बंद करून फिरणारा सध्याची चिल्लर तर गमावतोच, वर ज्यासाठी बाहेर पडला ती काही जुनी नाणीही गमावतो.

न चिकटणाऱ्यांत तांबं-निकेलच्या मिश्रधातूची नाणी येतात: १९७५ नंतरचा मोठा रुपया (२८ मिलिमीटर, ८ ग्रॅम), १९८३ नंतरचा जरा लहान (२६ मिलिमीटर, ६ ग्रॅम), अकरा बाजूंचे जुने दोन रुपये, ९ ग्रॅमचे जाडजूड पाच रुपये. मग आजचे पिवळे पाच रुपये, दोन धातूंचे दहा आणि वीस. ॲल्युमिनियमचे पैसे: चौकोनी पाच, लाटांच्या कडेचे दहा, षटकोनी वीस. शिवाय ब्रिटिश काळातला तांब्या-ब्राँझचा पाव आणा, भोकाचा पैसा, १९५७ नंतरचा इवलासा नया पैसा, आणि चांदीचा रुपया: ११.६६ ग्रॅम, साडेतीस मिलिमीटर, त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० पासून चांदी निम्म्यावर आली.

तांबं-निकेल हा वीज वाहण्यात अगदी आळशी धातू आहे, हे लक्षात ठेवा. आठ ग्रॅमचा रुपया हातात वजनदार लागतो, पण स्क्रीनवर मधल्या घरातच राहतो. सहा-साडेसहा ग्रॅमचा तांब्याचा पाव आणा त्याच्या बराच वर बोलतो.

दुसरी पायरी: हवेतली चाचणी, पण फ्लॅटच्या फरशीवर नको

इथे सगळे फसतात. मशीन हॉलमध्ये आडवं ठेवायचं आणि कॉइलवरून नाणं फिरवायचं. फरशीखाली स्लॅब, स्लॅबमध्ये सळया. कॉइलला त्या आधीच दिसत असतात आणि नाण्याचा आकडा त्यात मिसळतो. गच्चीवरही तेच, तीही स्लॅबच. बागेतल्या मातीवर प्लास्टिकची खुर्ची ठेवा (पायात लोखंडी स्क्रू नाहीत ना, बघून घ्या) आणि मशीन तिच्यावर असं टेकवा की कॉइल हवेत आडव्या दिशेला तोंड करून राहील. हातातली अंगठी, घड्याळ, कडं काढा. मोबाइल दूर ठेवा.

मोड 'ऑल मेटल' (कुठलाच धातू न गाळणारा), सेन्सिटिव्हिटी साठ-सत्तर टक्के. प्रत्येक नाणं कॉइलपासून ५, १० आणि १५ सेंटिमीटरवरून फिरवा, आधी सपाट, मग उभं धरून. वहीत चार गोष्टी लिहा: सगळ्यात लहान आकडा, सगळ्यात मोठा, आकडा टिकतो की उड्या मारतो, आवाज गोल येतो की तुटक. फक्त सरासरी लिहिणारा पुढे पस्तावतो. ५६-५७ आणि ४०-७२ या दोन्हींची सरासरी ५६ च्या आसपास येते, पण पहिलं बहुधा नाणं असतं आणि दुसरं बहुधा कचरा.

कचऱ्याचाही तक्ता हवा, नाण्यांइतकाच मन लावून केलेला. सोडा बाटलीचं बूच, कॅनची चावी, गोळ्यांच्या पाकिटाची फॉइल, हॉटेलातून येणारा ॲल्युमिनियमचा डबा (सपाट, मग चुरगाळून), बांधकामाच्या तारेचा वळसा, एक इंची आणि तीन इंची खिळा, संपलेला सेल. ॲल्युमिनियमच्या पैशांच्या आसपास फॉइलचे घट्ट गोळे येतात, आणि कॅनची चावी तांबं-निकेलच्या नाण्याच्या मांडीला मांडी लावून बसते. त्या दोघांना आकड्यावरून वेगळं करता येत नाही. खणूनच बघावं लागतं.

पट्टीवर खालून वर साधारण असा क्रम लागतो: फॉइल, तांबं-निकेलची छोटी नाणी, तीच मोठी, मग जाड पितळी आणि ॲल्युमिनियमच्या वस्तूंची सरमिसळ, ब्राँझ-तांब्याचे पैसे, सगळ्यात वर चांदीचा रुपया. स्टील आणि निकेलच्या नाण्यांना घर नाही, ती वर-खाली भटकतात.

तिसरी पायरी: तिरपा पाइप

हवेतला आकडा आणि मातीतला आकडा यांत फरक पडतो. तो मोजायला नाणी पुरण्याची गरज नाही. सव्वा इंची पीव्हीसी पाइपचा मीटरभर तुकडा ४५ अंशांत तिरपा जमिनीत बसवा, वरचं तोंड उघडं. बारीक बांबूच्या टोकाला नाणं चिकटपट्टीने लावून आत सरकवा. जितकं आत, तितकं खोल: पाइपमधून १४ सेंटिमीटर सरकलं की खोली साधारण १० सेंटिमीटर होते. एकाच जागी, एकाच मातीत, हव्या त्या खोलीवर हवं ते नाणं. पाइपला लोखंडी क्लॅम्प लावू नका, नाहीतर तुम्ही क्लॅम्पचाच तक्ता बनवाल. या पाइपमध्ये नाणं तिरपं राहतं, म्हणून खोलीचे आकडे जरा कमी भरतात. हे ध्यानात ठेवलं की पुरे.

आपली माती

ठाण्याच्या टेकड्या आणि मुरूम बेसॉल्टच्या. त्यात चुंबकीय खनिजाचे कण असतात आणि मशीनला जमीनच बोलताना ऐकू येते. ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीनला जमिनीकडे दुर्लक्ष करायला लावणं, ते यासाठी. धातू नाही अशी हातभर जागा शोधा, कॉइल जमिनीपासून ३ ते २० सेंटिमीटरमध्ये वर-खाली हापसा आणि जमिनीचा आवाज विझेपर्यंत थांबा. शेतातून बांधावर, बांधावरून अंगणात गेलात की पुन्हा करा. आळस केला तर खोल नाण्याचा आकडा लोखंडाकडे घसरतो आणि तुम्ही ते सोडून पुढे जाता.

नवी मुंबईची गोष्ट वेगळी. नोडमधली (शहराच्या आखीव वसाहतींमधली) बरीच जमीन खाजण होती, वर मुरमाची भरणी. वरच्या फूटभर थरात बांधकामाची तार, सळीचे तुकडे, खिळे यांचा खच आणि खाली खारट ओल. भरणीत जुनं नाणं मिळण्याची आशा ठेवू नका. मिळालंच तर ते मुरमाच्या डंपरमधून आलेलं असणार. जुनं काही असेल तर ते घणसोली, करावे, दिवाळे यांसारख्या मूळ गावठाणांत, जिथली अंगणं भरणीखाली गेली नाहीत. खारट ओल्या मातीत एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारं मशीन किरकिर करतं. त्यात बीच मोड असेल तर तो लावा, नाहीतर सेन्सिटिव्हिटी उतरवा.

कॉइल हवेत स्थिर धरूनही मशीन बडबडत असेल, तर तो मातीचा दोष नाही. वर उच्चदाबाच्या तारा असतील, जवळ लोकलची २५ हजार व्होल्टची लाइन असेल, किंवा आठ-दहा मीटरवर दुसरा डिटेक्टर असेल. फ्रिक्वेन्सीचा चॅनल बदला, तरी नाही थांबलं तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. बडबडत्या मशीनच्या आकड्यावर काही ठरवू नये.

हंगाम म्हणाल तर भातकापणी झाली आणि वाल अजून पेरले नाहीत तो. माती ओलसर असते, खुरपं जातं आणि कापलेला गठ्ठा फुटत नाही. एप्रिलमध्ये तीच जमीन विटेसारखी होते. मात्र कापणीनंतरच्या शेतात पेंढ्यांखाली हात घालण्याआधी काठी फिरवा. फुरसं आणि घोणस तिथेच बसतात.

चौथी पायरी: सिग्नलची उलटतपासणी

कॉइल जमिनीपासून २-३ सेंटिमीटरवर, सपाट, एका दिशेची फेरी सेकंद-सव्वा सेकंदात. पुढची फेरी आधीच्या निम्म्यावर चढली पाहिजे. सिग्नल मिळाला की लगेच खुरपं काढू नका.

समजा, गावठाणातल्या जुन्या घराचं अंगण आहे, तुळशी वृंदावनापासून चार हात. पहिली फेरी: ७४, ७५, ७४. आता अंग वळवून ९० अंशांतून फिरवा: ७५, ७३, ७४. आकडा टिकला, म्हणजे वस्तू गोल असायची शक्यता वाढली. लांबट खिळा एका बाजूने गोड बोलतो आणि दुसऱ्या बाजूने तुटतो. दोन डी आकाराची वेटोळी असलेल्या (डीडी) कॉइलने खिळ्यावरून त्याच्या लांबीच्या दिशेने फिरवलं तर बहुधा दोनदा वाजतो. मग कॉइल १०-१५ सेंटिमीटर उचला. नाणं लगेच विझतं. आवाज तसाच राहिला तर खाली मोठं काहीतरी आहे: पत्रा, डबा, पाइप. खोलीदर्शक तेव्हा '५ सेंटिमीटर' दाखवेल, कारण तो प्रत्येक वस्तू नाण्याएवढीच आहे असं धरून चालतो. मोठी वस्तू अर्धा मीटर खाली असली तरी उथळ दिसते.

पुढे पिनपॉइंट, म्हणजे वस्तूची नेमकी जागा हेरणं. आवाजाची कक्षा वाटीच्या तोंडाएवढी असेल तर ठीक. हातभर लांब पट्टा लागला तर ती केबल असू शकते. तिथून उठा. जमिनीखालची गॅसची पिवळी पाइप बहुधा प्लास्टिकची असते आणि डिटेक्टरला दिसत नाही, त्यामुळे सोसायटीच्या बागेत मशीन गप्प आहे म्हणून निर्धास्त खणू नये. आधी सोसायटीकडून लाइनचा नकाशा मागा.

शेवटी बुचाची परीक्षा. पत्र्याचं बूच हे नाण्याचं सोंग उत्तम वठवतं: गोल, सपाट, स्टीलचं, वर आकडाही छान. कॉइल वस्तूवर आणा, छोट्या छोट्या फेऱ्या मारत हळूहळू मागे ओढा, जोवर वस्तू कॉइलच्या टोकाबाहेर पडत नाही तोवर. तांब्याचं नाणं टोकाशीही तोच आकडा धरून विझतं. बुचाचा आकडा टोकाशी कोसळतो किंवा लोखंडाचा खर्जातला आवाज येतो. आता घोळ असा की आपला स्टीलचा रुपयाही बहुधा असाच वागतो. जुन्या नाण्यांसाठी फिरत असाल तर दोन्ही सोडून द्या. कुणाची पर्स सांडलीय म्हणून शोधत असाल तर दोन्ही खणा.

काही नमुने ओळखीचे होतात. ५६, ५६, ५७, चारही बाजूंनी घट्ट: तांबं-निकेलचं नाणं किंवा कॅनची चावी. ८८, ४१, ९३ आणि मध्येच गप्प: गंजलेलं लोखंड, बहुधा वाकलेला खिळा. ९६-९८, मोठा आणि रुंद आवाज: चांदी म्हणून हुरळू नका. मोठं लोखंड पट्टीच्या वरच्या टोकाला जाऊन बसतं, चांदीचा रुपया इतका रुंद वाजत नाही. एका बाजूने ८१, दुसऱ्या बाजूने लोखंड: हा सगळ्यात मोहात पाडणारा. नाण्याशेजारी खिळा असेल तर हेच दिसतं, आणि नुसता खिळा असेल तरीही हेच. लहान कॉइल लावून तिथेच दोन सेंटिमीटर सरकत पुन्हा ऐका. वरचा आकडा एका ठिकाणी थांबला तर खणा, फिरत राहिला तर सोडा.

नांगरलेल्या शेतात नाणं बरेचदा उभं किंवा तिरपं रुतलेलं असतं. तिथे आवाज बारीक आणि आकडा कमी येतो. शेतातला दुबळा पण चारही बाजूंनी तसाच राहणारा सिग्नल अंगणातल्या दणदणीत सिग्नलइतकाच मोलाचा माना.

पाचवी पायरी: खणणं

खुरप्याने तीन बाजू कापून गवताचा चौकोन बिजागरीसारखा उलटा, चौथी बाजू जोडलेलीच ठेवा. केंद्रापासून निदान ७-८ सेंटिमीटर दूर कापा, नाहीतर पातं नाण्याच्या कडेवर बसतं आणि चेहऱ्यावर जन्माची चीर पडते. माती गोणपाटावर काढा. आधी उलटलेला गठ्ठा पिनपॉइंटरने (हातात धरायच्या छोट्या डिटेक्टरने) तपासा, मग खड्ड्याच्या भिंती, मग तळ. पहिली वस्तू निघाल्यावर खड्ड्यावरून कॉइल पुन्हा फिरवा, जोडीदार असतो बरेचदा.

बाहेर आलेलं नाणं अंगठ्याने चोळू नका. ओल्या मातीतले वाळूचे कण कानशीसारखे लागतात. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर यांच्या जवळही नेऊ नका. हिरवट थर निघतो तसा त्याच्याबरोबर चेहराही निघतो. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी बदलत राहा, मऊ ब्रशने टिपा. सापडलेल्या जागेचं अंतर दोन पक्क्या खुणांपासून मोजून तारखेसकट लिहून ठेवा. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या पत्रात हेच लागतं.

घरी नेण्याआधी एक काम बाकी राहतं. तेच नाणं तिथल्या तिथे, खड्ड्यापासून दूर, हवेत कॉइलसमोर धरा. जमिनीत ७४ होता, हातात ८० आला, तर त्या अंगणाची माती त्या खोलीवर सहाने खाली ओढते. वहीत नाण्याच्या ओळीपुढे हा फरक आणि खोली लिहा. त्याच अंगणातला पुढचा ६८ मग वेगळ्या नजरेने वाचाल.